माझं मत गुलमर्ग, माझं तिकीट अल्माटी

गेले तीन वीकांत मी एका एक्सेल शीटमध्ये घालवले. शीटचं नाव आधी ‘बर्फ फायनल’ होतं, मग ‘बर्फ फायनल २’ झालं, आणि सध्या चालू आहे ती ‘बर्फ खरंच फायनल’. रिलीजच्या आदल्या रात्री ज्यांनी कधी बिल्डला नावं दिली आहेत त्यांना यावर जास्त सांगायला नको.

तर झालंय असं, की आम्ही चार मित्र, इंजिनिअरिंगपासूनचे, यंदा जानेवारीत स्कीइंगला जायचं म्हणतोय. दोघं पुण्यात, एक बंगळुरात आणि मी लॅपटॉप घेऊन रत्नागिरीत परत आलेला. चौघांनाही स्की येत नाही. आणि चौघांचंही ठाम मत आहे की कुठे जायचं ते आपल्यालाच कळतं. मग शीट बनवणं माझ्याकडे आलं, कारण मी घरून काम करतो आणि घरून काम करणाऱ्याला काम नसतं, असा एक जागतिक समज आहे.

आधी एक कबुली. रत्नागिरीच्या माणसाला बर्फ म्हणजे मिरकरवाड्याचा. लाद्या यंत्रात घालून चुरा होतो, मासळीवर फावड्याने पडतो आणि जेटीभर खारं गार पाणी वाहतं. दुसरा बर्फ मांडवीला गोळेवाल्याकडचा. आकाशातून पडणारा असा बर्फ आमच्या भाषेत बसतच नाही, म्हणून दोघांनाही आपण एकच शब्द वापरतो. थंडीचं म्हणाल तर पारा सतरावर आला की आमच्याकडे कानटोप्या बाहेर येतात. घसरण्याचा अनुभव मात्र आहे. पोफळीची विरी घ्यायची, एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने झावळीसारखा तिचा शेंडा धरून ओढत पळायचं. उतार असला तर ओढणारा आधी पडतो आणि बसलेला त्याच्या अंगावरून पुढे जातो. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. माझं हिवाळी खेळांचं शिक्षण इतकंच.

नाही, अजून एक आहे. तिसऱ्या वर्षाला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट मनालीला गेली होती. (इंडस्ट्री कुठली ते विचारू नका. सगळ्यांच्याच व्हिजिटा मनालीला जातात.) सोलंगला भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, पायाला फळ्या आणि एक दादा, जो मला दंडाला धरून वीस पावलं पुढे नेई आणि वीस पावलं मागे आणे. अर्धा तास. त्यात मी काय शिकलो? काहीही नाही. फोटो मात्र उत्तम आला. फोटोत मी स्कीइंग करतोय असं वाटतं, आणि सात-आठ वर्षं तो फोटो बघून मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

माझं सगळं म्हणणं त्या अर्ध्या तासातून निघालेलं आहे. आपण ट्रिप ठरवताना डोंगरांची तुलना करतो. हा किती उंच, तो किती प्रसिद्ध, कुठल्या सिनेमात कुठला दिसला. पण ज्याला उभंच राहता येत नाही त्याच्यासाठी सगळे डोंगर सारखे असतात, कारण तो डोंगरावर जाणारच नसतो. तो पायथ्याच्या दीडशे मीटरच्या बाळउतारावर पडत बसणार असतो. तुलना करायची तर त्या दीडशे मीटरची करायला हवी.

आता यादी. पुण्याच्या पहिल्याचं स्वित्झर्लंड. दुसऱ्याचं बल्गेरियातलं बान्स्को, कारण कुणीतरी ‘गरिबांचे आल्प्स’ म्हणालं. बंगळुरूवाल्याचं जपान, कारण तो बंगळुरूवाला आहे. मध्येच जॉर्जियातलं गुडौरी आणि कझाकस्तानातलं अल्माटी घुसलं. आणि शेवटी मी हळूच दोन ओळी टाकल्या, गुलमर्ग आणि औली. त्यावर ग्रुपमध्ये जी शांतता पसरली ती तुम्ही कल्पू शकता.

स्वित्झर्लंडचं आधी उरकतो. झेरमाटला मॅटरहॉर्न दिसतो, इटलीकडचा भाग धरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास स्कीच्या वाटा आहेत, आणि केबलकार तुम्हाला ३८८३ मीटरपर्यंत नेते. अप्रतिम. पण मोठ्या स्विस रिसॉर्टला एका दिवसाचा लिफ्ट पास ऐंशी-शंभर फ्रँकांच्या घरात जातो, शिकवणीचे पैसे वेगळे. साडेतीनशे किलोमीटरचे पैसे भरायचे आणि त्यातले दीडशे मीटर वापरायचे, म्हणजे सबंध सर्व्हर फार्म भाड्याने घेऊन त्यावर कॅल्क्युलेटर चालवण्यासारखं. नवशिक्यांसाठी स्वस्त पास काही ठिकाणी मिळतात, हे मान्य. पण मग साडेतीनशेचा उपयोग काय, पोस्टकार्ड? शिवाय शेंगेनचा व्हिसा, त्याची ९० युरो फी (जून २०२४ पासून वाढलेली), कागदांची चळत आणि अपॉइंटमेंटची वाट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं इतकं महाग पडतं की दिवस कापावे लागतात. माझ्या हिशोबात प्रवास वजा जाता बर्फावर चार दिवस उरत होते. पहिला दिवस बुटात पाय घालण्यात जातो. तिसऱ्या दिवशी मांड्या संप करतात. चौथ्या दिवशी कुठे जरा जमायला लागतं तोवर बॅग भरायची. बान्स्कोला हाच हिशोब थोडा स्वस्तात बसतो, पण १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आल्याने व्हिसाची कटकट तीच.

जपानवर मात्र मी खरोखर दोन रात्री घालवल्या, आणि त्यात ट्रिपचा काही संबंध नव्हता. होक्काइदोमधलं निसेको. तिथला मुख्य डोंगर अन्नुपुरी, उंची १३०८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे जगभरातून लोक ज्या बर्फासाठी तिकडे जातात तो डोंगर कळसूबाईहून ३३८ मीटरने बुटका आहे! महाबळेश्वरसुद्धा त्याच्याहून उंच, जिथे वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो. मग बर्फ कुठून? तर सैबेरियातून सुटलेला कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पितो, पलीकडच्या डोंगरावर चढतो आणि सगळं ओतून टाकतो. हे वाचून मी उडालोच. अहो, हा आमचाच मान्सून! समुद्र, वारा, आडवा डोंगर. अरबी समुद्राच्या जागी जपानचा समुद्र, सह्याद्रीच्या जागी अन्नुपुरी आणि पाण्याच्या जागी बर्फ. हिवाळ्यात तिथे चौदा-पंधरा मीटर बर्फ पडतो म्हणतात. ताजा बर्फ वितळला की ढोबळमानाने दहाव्या हिश्शाइतकं पाणी होतं, म्हणजे झालं दीड मीटर. आमच्याकडे पावसाळ्यात तीन मीटरहून जास्त पडतो. थोडक्यात, निसेकोच्या दुप्पट माल दरवर्षी आमच्या परड्यात पडतो, फक्त तो घसरण्याजोगा नसतो. (असतो. पण पागोळ्यांखालच्या शेवाळावर.) असो. निसेकोचं गणित पैशात बसलं नाही. आयुष्यात एकदा जाणार, पण शिकून.

आता गुलमर्ग. मी त्याची वकिली का करत होतो?

कारण तिथे शिकायला मिळतं, नुसतं दंड धरून चालायला नाही. केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि पर्वतारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे, पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्थाही हिवाळ्यात तिथे कोर्स घेते. आठवडा-दोन आठवडे, राहणं-खाणं-सामान-शिक्षक सगळं धरून, आणि खर्च असा की स्विस पासच्या दोन दिवसांत हिशोब संपावा. तिथे हे आजचं नाही. स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ सालचा आहे, आणि सैन्याची उंचावरच्या युद्धाची शाळा तिथेच बर्फात चालायला शिकवत आलेली आहे. गाव २६५० मीटरवर, शिकायचे उतार सपाटीला लागून, जिथे उन्हाळ्यात गोल्फ खेळतात. गोंडोला वर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत जाते, पण ती आपल्यासाठी नाही. जगात गुलमर्गचं नाव आहे ते त्या वरच्या, न सारवलेल्या उतारांसाठी. तिथेच हिमकडेही कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. नवशिक्याने तिकडे बघायचंसुद्धा नाही, आणि समुद्रसपाटीवरून आलेल्याने तर पहिल्या दिवशी अजिबात नाही.

औली मात्र मी स्वतःच खोडलं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली रोपवेही तेव्हा थांबवला गेला. जिथे लोकांना स्वतःची घरं सोडावी लागली तिथून पुढे मजेने घसरायला जायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. कदाचित हा विचार चुकीचा असेल, कारण पर्यटक न गेल्याने तिथल्या लोकांचं अजून नुकसानच होतं. पण उतरेना.

गुलमर्गचं आणखी एक आकर्षण, जे ऐकून पुण्याचे दोघं हसले. मला तिथे रेल्वेने जायचं होतं. ६ जून २०२५ ला चिनाबवरचा पूल सुरू झाला, नदीपासून ३५९ मीटर उंच, आणि कटरा ते श्रीनगर गाडी धावायला लागली. तो पूल उभा करायचं काम कुणाकडे होतं? कोकण रेल्वेकडे! ज्या कंपनीने आमच्या दाराशी पहिल्यांदा गाडी आणली तिनेच काश्मीरलाही नेली. रत्नागिरी ते दिल्ली, दिल्ली ते कटरा, कटरा ते श्रीनगर, पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता. आमच्या मुंबई-गोवा हायवेकडे बघता हा प्रवास जास्त वेळेवर होईल असं माझं प्रामाणिक मत आहे.

एवढं सगळं शीटमध्ये भरलं, प्रत्येक रकान्याला वजन दिलं, बेरीज मारली. गुलमर्ग पहिलं आलं. चांगल्या फरकाने. मी विजयी मुद्रेने जेवायच्या टेबलावर सांगितलं.

आई म्हणाली, “काश्मीर सोडून कुठंही जा. चंद्रावर जा.”

२२ एप्रिल २०२५. पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. आमच्याकडे तेव्हा ऐन हंगाम होता. आई पेट्यांत गवत भरत टीव्ही बघत होती आणि मध्येच तिचे हात थांबले, ते मला आठवतं. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. पहलगाम वेगळं, गुलमर्ग वेगळं, मध्ये श्रीनगर आहे. वर्षाला किती लाख लोक जातात आणि सुखरूप येतात. हायवेवर आमच्याच तालुक्यात किती जण जातात. सगळं बरोबर होतं. ती म्हणाली, “तुझा हिशोब बरोबर असेल रे. पण तू फोन उचलला नाहीस तर मी तो हिशोब घेऊन काय करू?”

यावर माझ्याकडे रकाना नव्हता. आणि खरं सांगतो, या एका वाक्याने काश्मिरातल्या कित्येक घोडेवाल्यांचं, शिक्षकांचं, हॉटेलवाल्यांचं पोट मारलं जातं हे मला दिसतं. त्यांची काहीच चूक नसताना. मला ते अन्याय्य वाटतं. तरीही आईला पंधरा दिवस जागं ठेवून तो अन्याय दूर करायची माझी हिंमत नाही. ज्यांची असेल त्यांनी जावं, मनापासून सांगतो.

बाबा या सगळ्यात गप्प होते. ते रोज संध्याकाळी बागेतून आले की मला एकच विचारतात, “तिकडे बर्फ पडला का?” पहिल्यांदा वाटलं माझ्या ट्रिपची चौकशी आहे. नव्हती. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मिरात बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की मागून उत्तरेची थंडी खाली उतरते, कधीकधी पार आमच्यापर्यंत. ती थंडी आली की हापूसला मोहोर. म्हणजे मी आणि बाबा एकाच हवामानाकडे डोळे लावून बसलो होतो, मी फळ्यांसाठी आणि ते कलमांसाठी. फरक इतकाच की मला जितका जास्त बर्फ तितका हवा, त्यांना थंडी मापात हवी. जास्त झाली, लांबली, तर धरलेल्या फळांशेजारी पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला महिनाअखेरीपर्यंत हिरवळ आणि माती दिसत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फच नाही म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चवर ढकलले. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, “मग त्यांचंही आपल्यासारखंच आहे.” तोवर शीटमध्ये ‘बर्फाची खात्री’ हा माझ्यासाठी नुसता पाच गुणांचा रकाना होता.

शेवटचा रकाना बाबांनीच सुचवला, न सुचवता. म्हणाले, “पाय मोडलास तर एप्रिलात घळ कोण धरणार?” गंमतीत म्हणाले. पण त्यांचे स्वतःचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतायत आणि गेल्या हंगामात निम्मी बाग मीच बघितली. जानेवारीत मोडलेला पाय एप्रिलपर्यंत बरा होतो, लिगामेंट होत नाही. स्कीत सगळ्यात जास्त भीती गुडघ्याचीच असते. मग मी ‘पडल्यावर काय’ असा रकाना काढला, आणि इंजिनिअर म्हणून मला तोच सगळ्यात आवडला. स्कीच्या बुटाला फळी अडकवणारी बाइंडिंग असते ती एक प्रकारचा फ्यूज आहे. ठराविक पीळ बसला की ती सुटते, म्हणजे फळी जाते आणि पाय राहतो. ती किती घट्ट करायची हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती पाण्यात आहात यावर ठरतं. भाड्याच्या दुकानात लोक दोन गोष्टी खोट्या सांगतात, वजन कमी आणि कौशल्य जास्त. कौशल्य फुगवून सांगितलं तर बाइंडिंग जास्त घट्ट होते, सुटायच्या वेळी सुटत नाही आणि फ्यूजच्या जागी तुमचा गुडघा उडतो. तेव्हा मित्रांनो, फॉर्मवर ‘नवशिका’ लिहा. कुणी बघत नाही. दुसरं म्हणजे विमा. आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत असले खेळ बहुधा वगळलेले असतात, ‘विंटर स्पोर्ट्स’ वेगळे जोडून घ्यावे लागतात. शेंगेनसाठी तीस हजार युरोंचा विमा घेतला म्हणजे फळ्या लावून पडलेलंही त्यात आलं असं नाही. पॉलिसीचं शेवटचं पान आधी वाचा.

मग राहिली गुडौरी आणि अल्माटी. गुडौरी तिबिलिसीपासून १२० किलोमीटर डोंगरात, हिमवादळात रस्ता बंद झाला तर तिथेच. मार्च २०१८ मध्ये तिथे एक खुर्चीची लिफ्ट उलटी पळाली होती, त्याचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. अर्थात आपल्याकडे जून २०१७ मध्ये गुलमर्गच्या गोंडोलाच्या तारेवर झाड पडून सात जण गेले, तेव्हा बोट कुणी कुणाकडे दाखवू नये. अल्माटी वेगळं पडलं ते एका साध्या कारणाने. शिंबुलाक हा स्कीचा डोंगर शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. म्हणजे राहायचं शहरात, सकाळी मेदेउपर्यंत जायचं, तिथून गोंडोलाने २२६० मीटरवर, शिकायचं, पडायचं, संध्याकाळी परत. हाड मोडलं तर मोठं हॉस्पिटल त्याच शहरात. भारतीय पासपोर्टवर जुलै २०२२ पासून चौदा दिवस व्हिसा लागत नाही. व्हिसाचे वाचलेले दिवस आणि पैसे सरळ बर्फावर टाकता येतात, माझ्या हिशोबात सहा दिवस. भाषा येत नाही हा तोटा. गुलमर्गचा शिक्षक हिंदीत ओरडला असता, हा रशियनमध्ये ओरडेल.

पुण्याचा पहिला स्वित्झर्लंडलाच जातोय, लग्नानंतर, बायकोबरोबर. बरोबर आहे त्याचं, त्याला स्की नको, स्वित्झर्लंड हवं आहे. हे त्याने तीन वीकांतांपूर्वी सांगितलं असतं तर शीटच्या दहा ओळी वाचल्या असत्या :-) आम्ही तिघं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अल्माटीला. दुसरी फवारणी त्याआधी उरकेल असं बाबा म्हणतायत, तुडतुडे काय म्हणतात ते बघायचं.

तोवर तयारी म्हणून मी रोज भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून बसतो. स्कीत सगळ्यात आधी शिकवतात ते थांबायला. फळ्यांची टोकं पुढे जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची. त्याला स्नोप्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फाचा नांगर. आमच्या रत्नागिरीत शेतातलाही नांगर आणि होडीचाही नांगर, शब्द एकच. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

बाबांना अल्माटीत एकाच गोष्टीत रस आहे. आपण खातो त्या सफरचंदाचा रानटी पूर्वज अल्माटीच्या त्या डोंगरांत उगवतो. हे कळल्यापासून विचारतायत, एखादी काडी आणता येईल का, कलम बांधून बघू. म्हटलं बाबा, विमानतळावर धरतील, आणि रत्नागिरीत सफरचंद?

“मग फोटो तरी नीट काढ. झाडाचे. तुझे नकोत.”

म्हटलं जानेवारीत त्यांना पान नसतं एकही.

“फांद्या असतात ना? त्यांचे काढ.”